मेंदूतलं तूप : अल्झायमरच्या सुरुवातीला पेशीच्या भिंतीत नेमकं काय बिघडतं?

कंदील
रविवार, रात्री १०.१५

आई ७४ वर्षांची. गल्लीतल्या बायकांची भिशी ती २६ वर्षं चालवतेय, वही न ठेवता. कोणाचा हप्ता राहिला, कोणाचा नंबर कधी लागला, सगळं तोंडपाठ. मार्चमध्ये तिने एकाच बाईला लागोपाठ दोन महिने भिशी दिली. बायका चांगल्या, कोणी आवाज केला नाही. पण ती घरी आली आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिली.

डॉक्टरांनी कागदावर 'एमसीआय' लिहून दिलंय, म्हणजे स्मृती वयाच्या मानाने जास्त ढिली, पण अजून स्मृतिभ्रंश म्हणण्याइतकी नाही. अल्झायमरची सुरुवात असू शकते, सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणाले.

इथपर्यंत मी समजू शकते. पण आमच्या दादाला एक फॉरवर्ड आलाय. मेंदू म्हणे ६० टक्के चरबीचा असतो, अल्झायमरमध्ये पेशींची भिंत झिजते, रोज तीन चमचे तूप खाल्लं की ती परत लिंपली जाते. झालं, आईला तूप सुरू. शिवाय ओळखीतून जपानहून प्लाझ्मालोजेन नावाच्या कॅप्सूल मागवल्यात. एका बाटलीच्या पैशात माझा महिन्याचा किराणा येतो.

इतक्या सुरुवातीला पेशीच्या भिंतीत खरंच काही बदलतं का? आणि बदलत असेल तर ते खाऊन भरून निघतं का? मी बीकॉम आहे, त्या बेताने सांगा.

बंडू_बिघडले
रविवार, रात्री १०.३१

तूप गाईचं की म्हशीचं, हे आधी स्पष्ट करा. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (कृपया हलकं घ्या ताई. आईंना बरं वाटो.)

तात्या_७८
रविवार, रात्री ११.०२

३१ वर्षं नववी-दहावीला शास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. भिंत वनस्पतींच्या पेशीला असते. प्राण्यांच्या पेशीला फक्त पटल. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल यांतला फरक लिहा, दोन गुण. कंदीलताईंना अर्धा गुण कापून शुभेच्छा.

बाकी उत्तर माहीत नाही. या वयात हा धागा उघडताना हात थोडा थरथरला, एवढं खरं.

लिपिडवाला
सोमवार, सकाळी ६.४०

माझं पोट याच विषयावर चालतं, त्यामुळे जरा लांबलं तर माफ करा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदलतं. आणि ही गोष्ट नवीन नाही. खुद्द आलोइस अल्झायमरने १९०६ साली ट्युबिंगनच्या सभेत ऑगुस्टे डेटर या बाईंच्या मेंदूबद्दल सांगितलं. त्या १९०१ पासून फ्रँकफर्टच्या रुग्णालयात होत्या. पुढच्या वर्षी छापलेल्या टिपणात त्याने मेंदूतल्या आधारपेशींमध्ये मेदाच्या पिशव्या साठल्याचीही नोंद केली आहे. पेशींबाहेरचे प्रथिनांचे चट्टे आणि पेशींतले गुंते पाठ्यपुस्तकात गेले. मेदाची नोंद शंभर वर्षं अडगळीत पडली.

आता पटल म्हणजे काय ते. लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. दोन ओळी, पाठीला पाठ लावून बसलेल्या. तोंडं वाढप्यांकडे, पाठी एकमेकांकडे. फॉस्फोलिपिडचे रेणू असेच बसतात. डोकं पाण्याकडे, मेदाची शेपटं आत. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. मधेमधे कोलेस्टेरॉल नावाचे भारदस्त काका बसलेत, ते पंगत फार हलू देत नाहीत. आणि डीएचए नावाचं, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ पैकी एक, चुळबुळं पोर आहे. त्याच्या शेपटाला सहा ठिकाणी वाक आहेत, त्यामुळे ते नीट बसतच नाही आणि आजूबाजूची ओळ सैल राहते. ही सैलता मेंदूला हवीच असते. संदेश देणारी प्रथिनं या पंगतीतूनच सरकतात.

प्लाझ्मालोजेन हा याच पंगतीतला एक गट. त्याच्या रचनेत एक नाजूक जोड असतो, ऑक्सिजनचा मारा आधी तो स्वतःवर घेतो. अल्झायमरच्या मेंदूत हा गट कमी झालेला दिसतो. त्याहून मोठी घट सल्फटाइडची. चेतातंतूवरचं जे मायेलिनचं वेष्टन असतं त्यातला हा मेद. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की अगदी सौम्य स्मृतिभ्रंशाच्या पायरीवर वारलेल्यांच्या करड्या भागात सल्फटाइड ९३ टक्क्यांपर्यंत घटलं होतं, पांढऱ्या भागात ५८ टक्क्यांपर्यंत. त्याच वेळी सेरामाइड नावाचा मेद पांढऱ्या भागात तिपटीहून जास्त. सेरामाइड वाढणं पेशीला चांगलं नसतं.

तेव्हा फॉरवर्डमधलं भिंत झिजण्याचं वाक्य बरोबरच्या जवळपास आहे. तुपाच्या वाक्याकडे नंतर येतो, आत्ता लॅबला पळतो.

शतावरी
सोमवार, सकाळी ९.१२

म्हणजे पूर्वजांनी तुपाला स्मृती-बुद्धी वाढवणारं म्हटलं ते उगाच नाही. मेद आणि मेधा हे शब्द इतके जवळचे, हा योगायोग का? आमच्या आजीने आयुष्यभर वरणभातावर तूप घेतलं, ९१ व्या वर्षी पंचांग वाचायची.

बंडू_बिघडले
सोमवार, सकाळी ९.२०

पेशवाईत ध चा मा झाला. इथे ध चा द झालाय.

देवगडकर
सोमवार, सकाळी ९.४८

बंडू, दंडवत घ्या.

शतावरीताई, माझे आजोबा रोज विडी ओढून ९४ वर्षं जगले. म्हणून मी विडीची जाहिरात करत नाही.

डॉ_उंबरठा
सोमवार, दुपारी २.०५

मी मेंदूविकाराचा डॉक्टर, सोलापूरकडे असतो. ओपीडी संपली म्हणून लिहितोय.

लिपिडवाल्यांची पंगत आवडली, उद्या पेशंटला हीच सांगणार. फक्त एका शब्दावर माझी हरकत आहे: 'सुरुवातीला'. आमच्याकडे येणारी 'सुरुवात' ही घरच्यांनी ओळखलेली सुरुवात असते. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे चट्टे त्याआधी १५-२० वर्षं साचायला लागलेले असतात. म्हणजे सौम्य पायरीवरच्या मेंदूत सल्फटाइड ९३ टक्के घटलं, यावरून ते आधी घटलं हे ठरत नाही. चट्ट्यांमुळे मेद गेला की मेद गेल्यामुळे चट्टे आले?

दुसरं, ही मोजमापं मृत्यूनंतरच्या मेंदूवरची. माणूस गेल्यावर मेंदू काढून गोठवेपर्यंत तास जातात, आणि पटलातले काही मेद तेवढ्यातच तुटायला लागतात. जिवंत माणसात हे मोजायचं म्हणजे एमआरआयच्या जातीचं, पण फॉस्फरस मोजणारं तंत्र लागतं. पिट्सबर्गच्या जे पेट्टेग्रू यांनी १९८० च्या दशकात ही वाट पाडली, पण दवाखान्यात वापरावं इतकं ते कधीच सुटसुटीत झालं नाही.

ताई, बी१२, थायरॉइड आणि कानाची तपासणी झाली आहे का? कागदावर काय लिहिलंय ते बघून सांगा. बाकी चर्चा चालू द्या, पण हे आधी.

कंदील
सोमवार, दुपारी २.४०

कागदावर एमआरआय आहे, आणि एक प्रश्नोत्तरांची चाचणी. बी१२ दिसत नाही. कानाचं कोणी विचारलं नाही. टीव्हीचा आवाज मात्र वर्षभरापासून आमच्या खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

सई_एडिसन
सोमवार, रात्री ८.१७

थोडं अवांतर. माझ्या बहिणीने इथे नळीत थुंकून जनुकं तपासून घेतली आणि एपीओई-४ ची एक प्रत निघाली. तेव्हापासून ती चष्मा सापडला नाही तरी रडते. हे जनुक या पटलाच्या भानगडीतच येतं ना? आणि आम्हा दोघींच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं म्हणताय, मग गोळ्यांनी मेंदू उपाशी राहतो का?

लिपिडवाला
सोमवार, रात्री ११.५५

सईताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. एपीओई हे मेंदूतलं मेद वाहणारं हमालखातं. आधारपेशी कोलेस्टेरॉल तयार करतात, हे प्रथिन ते चेतापेशींपर्यंत पोचवतं. सल्फटाइडची वाहतूकही तेच करतं. ४ क्रमांकाच्या प्रकारात ही हमाली नीट होत नाही. १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने त्याचा अल्झायमरशी संबंध दाखवला, तेव्हा लोकांना प्रश्न पडला होता की मेद वाहणाऱ्या प्रथिनाचा विसरण्याशी काय संबंध. एक प्रत असली की धोका साधारण तिप्पट, दोन असल्या की आठ ते बारा पट. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. एक प्रत असलेले असंख्य लोक ठणठणीत म्हातारे होतात. बहिणीला चष्म्याला दोरी बांधायला सांगा.

गोळ्यांचं: मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण शरीरातलं सुमारे पाचवा हिस्सा कोलेस्टेरॉल त्याच्याकडे. मात्र ते तो घरच्या घरी बनवतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, मेंदूच्या वेशीतून आत येत नाही. म्हणून गोळ्यांनी मेंदू उपाशी राहत नाही, आणि त्याच कारणाने तूप खाऊन त्याचं पोटही भरत नाही.

डॉक्टरसाहेबांचा आक्षेप मान्य. पण नाण्याची दुसरी बाजूही मांडतो. अमायलॉइड येतं कुठून? एपीपी नावाचं प्रथिन पटलातून आरपार गेलेलं असतं, पंगतीत मधोमध रोवलेल्या मांडवाच्या खांबासारखं. बीटा आणि गामा नावाच्या दोन कात्र्या त्याला कापतात, आणि गामा कात्री तर पटलाच्या आतच, मेदांमध्ये बसून कापते. पटल पातळ की जाड, कोलेस्टेरॉल किती, यावर ती कुठे कापेल हे बदलतं. ४० कड्यांचा तुकडा पडला तर बरं, ४२ चा पडला तर तो चिकट. मग पटल नुसतं नेपथ्य कसं म्हणायचं? उंदरांत तर २०२१ मध्ये असंही दाखवलंय की प्रौढ वयात फक्त सल्फटाइड काढून घेतलं तरी मेंदूत दाह होतो आणि स्मृती ढासळते. तिथे अमायलॉइड घातलेलं नव्हतं.

डॉ_उंबरठा
मंगळवार, सकाळी ७.३०

उंदीर तर आपण किती वेळा बरे केलेत! माणसात काय झालं ते बघा. अमायलॉइड काढणारं लेकॅनेमॅब १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्के मंद करतं. फार नाही, मेंदूत सूज आणि रक्तस्रावाचा धोकाही आहे, तो एपीओई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत जास्त. पण काहीतरी होतं. तुमच्या मेदवाल्यांकडे असं एक तरी औषध दाखवा.

लिपिडवाला
मंगळवार, सकाळी ७.५२

नाही. मुकाट कबूल.

बंडू_बिघडले
मंगळवार, सकाळी ८.००

या धाग्याचा काश्मीर होणार अशी आशा होती. इथे लोक एकमेकांचं मान्य करतायत. मॉडरेटर, लक्ष द्या.

गणिताची_मावशी
मंगळवार, सकाळी ११.२६

रसायनात गती नाही. यांना सात वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी अशाच बाटल्या आणल्या, ब्राह्मीच्या, माशाच्या तेलाच्या, हळदीच्या. कपाटाचा एक कप्पा अजून भरलेला आहे. त्या पैशात दुपारची मदतनीस दोन वर्षं आधी ठेवता आली असती. एवढंच सांगायचं होतं.

कंदील
मंगळवार, दुपारी १२.१०

मावशी, हे मी दादाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. तूप चालू आहे.

देवगडकर
मंगळवार, दुपारी १.३३

कॅप्सूलच्या पाकिटावर आत काय आहे ते लिहिलंय का? प्लाझ्मालोजेन कशातून काढतात हे मला कुतूहल.

कंदील
मंगळवार, दुपारी १.५०

दादाच्या मुलाने भाषांतर करून बघितलं. 'स्कॅलप' आलं. हे काय असतं?

देवगडकर
मंगळवार, दुपारी १.५८

ताई, जपून ऐका. शिंपल्यातला जीव आहे तो. आमच्या तिसऱ्यांचा लांबचा श्रीमंत चुलत भाऊ.

कंदील
मंगळवार, दुपारी २.०४

अरे देवा. आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही!! तीन आठवडे घेतेय ती.

बंडू_बिघडले
मंगळवार, दुपारी २.०६

हसू नये हे कळतंय, तरी चहा नाकातून आला.

देवगडकर
मंगळवार, दुपारी ३.१५

आईंना सांगू नका, पाप दादाच्या खात्यावर. पण विषय निघालाच आहे म्हणून: तिसऱ्यांचं सुकं करताना एकशिपी करायची, म्हणजे एक शिंपलं काढून टाकायचं आणि मांस दुसऱ्यावरच ठेवायचं. ओलं खोबरं सढळ, हळद, तिरफळ नको, तिरफळ बांगड्याला. कोणी तिसऱ्यांत टोमॅटो घालतं त्यांच्याशी मी बोलत नाही.

सई_एडिसन
मंगळवार, रात्री ९.०२

इथे गोठवलेल्या मिळतात, त्यात टोमॅटो घातला तरच खाववतात. बोलू नका.

तात्या_७८
मंगळवार, रात्री ९.४०

मुलांनो, वर्गात परत या. ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. खाऊन भरून निघतं का? दहा गुणांचा आहे, उत्तर विस्ताराने अपेक्षित.

लिपिडवाला
बुधवार, सकाळी ६.१५

सर, उत्तरपत्रिका देतो.

आधी तो ६० टक्क्यांचा आकडा. तो पाणी काढून टाकलेल्या, वाळवलेल्या मेंदूचा. जिवंत मेंदूत तीन चतुर्थांश पाणी, मेद १०-१२ टक्के. फॉरवर्डवाल्याने मेंदू वाळवून मोजला.

आता प्रयोग. शिंपल्यांतल्या प्लाझ्मालोजेनचा जपानमध्येच ३२८ जणांवर २४ आठवडे प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये आला. मुख्य कसोटीवर खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक पडला नाही. नंतर गट पाडून पाहिले तेव्हा सौम्य आजाराच्या काही स्त्रियांत थोडा फायदा दिसला. पण असे गट पाडत गेलं की कुठे ना कुठे फायदा दिसतोच. डीएचएचा मोठा प्रयोग अमेरिकेत, २०१० मध्ये छापला, ४०२ रुग्ण, रोज २ ग्रॅम, १८ महिने. घसरण थांबली नाही. एमआयटीच्या रिचर्ड वुर्टमन यांच्या कल्पनेवरून युरिडिन, कोलीन आणि डीएचए एकत्र करून पटल बांधायचा सगळा कच्चा माल देणारं एक पेय निघालं. युरोपातल्या ३११ जणांवरच्या प्रयोगात तेही मुख्य कसोटीवर उतरलं नाही. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्याही वापरून झाल्या. फायदा नाही.

असं का व्हावं? एक कारण दारातच आहे. मेंदूत डीएचए शिरायला ठराविक रूप आणि ठराविक वाहक लागतो, हा वाहक २०१४ मध्ये सिंगापूरच्या गटाने ओळखला. पोटात गेलं म्हणजे पटलात गेलं असं होत नाही. आणि समजा आत गेलंही, तर पंगतीत माणसं कमी पडतायत की आचाऱ्याचंच बिनसलंय? प्लाझ्मालोजेन बनवायची पहिली पायरी पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात होते. तो कप्पाच थकला असेल तर बाहेरून पानं वाढून काय होणार.

आमच्या क्षेत्राची एक फजितीही सांगतो, म्हणजे तूपवाल्यांनाच हसलो असं नको. २०१४ मध्ये रक्तातले दहा मेद मोजून दोन-तीन वर्षं आधी अल्झायमर ९० टक्क्यांहून जास्त अचूक सांगता येतो असं प्रसिद्ध झालं. जगभर मथळे. आमच्या लॅबमध्ये केक कापला होता. २०१६ मध्ये दुसऱ्यांनी मोठ्या गटांवर तेच करून पाहिलं तर काही हाती लागलं नाही. आता रक्तातून जी चाचणी खरोखर पुढे आली आहे ती टाऊ प्रथिनाची (ते गुंते याचेच बनतात), मेदांची नाही.

शतावरी
बुधवार, सकाळी १०.४४

मग तूप विषच आहे असं म्हणायचं का? एक चमचाही नको?

डॉ_उंबरठा
बुधवार, दुपारी २.२०

कोण म्हणतंय विष? एक चमचा वरणभातावर घ्या, चव येते, म्हातारी माणसं दोन घास जास्त जेवतात. औषध म्हणून तीन चमचे नको. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यात मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने आलं. तूप निम्म्याहून जास्त संपृक्त मेद आहे. दादांना म्हणावं, आईंचं सोडा, तुम्ही पन्नाशीत आहात, तुमचं एलडीएल कधी बघितलंत?

त्याच यादीत ऐकू न येणं आहे. म्हणून कानाचं विचारत होतो.

आणि बी१२ चा या पटलाशी थेट धागा आहे, हे लिपिडवाल्यांनी सांगितलं नाही. यकृतात फॉस्फॅटिडिलकोलीन या पटलातल्या मुख्य मेदाचा एक भाग मिथाइल गट जोडून बनतो आणि त्या मिथाइलच्या रहाटगाडग्यात बी१२ लागतं. ते कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं. ऑक्सफर्डच्या प्रयोगात होमोसिस्टीन जास्त असलेल्या एमसीआयच्या लोकांना ब-जीवनसत्त्वं दिली तर मेंदू आकसण्याचा वेग मंदावला. पुढे त्याच आकडेवारीत दिसलं की हा फायदा रक्तात ओमेगा-३ पुरेसं असलेल्यांनाच होता. आणि आपल्याकडे? पुण्यात डॉ. याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुष तपासले तर ६७ टक्क्यांत बी१२ कमी! आपण शिंपले मागवतो जपानहून, आणि ही साधी तपासणी राहून जाते.

लिपिडवाला
बुधवार, रात्री ११.३०

ते राहिलं, मान्य. यकृत माझ्या लॅबच्या दुसऱ्या मजल्यावर आहे.

तात्या_७८
गुरुवार, सकाळी ५.५०

लिपिडवाल्यांना ९, डॉक्टरांना ९. एक-एक गुण हस्ताक्षराचा.

मी आज माझं बी१२ करून घेतोय. गेल्या महिन्यात इथला पासवर्ड तीनदा विसरलो होतो, कोणाला सांगितलं नव्हतं.

गणिताची_मावशी
गुरुवार, सकाळी ६.०५

तात्या, मी दर आठवड्याला विसरते. पण तपासणी कराच.

कंदील
पुढच्या आठवड्यात मंगळवार, रात्री ९.२८

बी१२ आलं ११८. अहवालात खालची मर्यादा २०० च्या आसपास लिहिली आहे. थायरॉइड ठीक. दोन्ही कानांना मध्यम बहिरेपणा निघाला, यंत्राचं माप देऊन आलोय. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, यामुळे सगळं परत येईल असं समजू नका, एमआरआयमध्ये स्मृतीचा भाग थोडा आकसलेला आहे, सहा महिन्यांनी बघायचंच आहे. मी मान हलवली. उंबरठासाहेब, तुम्ही विचारलं नसतं तर कोणी विचारलं नसतं.

भिशी आईने सोडली नाही. आता माझी मुलगी शेजारी वही घेऊन बसते. आई तोंडाने सांगते, ती लिहिते आणि चूक झाली तर आवाज न करता नुसती पेन्सिल आपटते. आई म्हणते, हिला हिशोब काही येत नाही.

कॅप्सूल बंद. कारण म्हणून मी प्रयोगाचे आकडे सांगितले, शिंपल्याचं नाही. तूप पोळीवर अर्धा चमचा.

दादाला या धाग्याची लिंक पाठवली होती. त्याने अंगठा दाखवला. आज सकाळी त्याच्याकडून नवा फॉरवर्ड आला: अल्झायमरवर खोबरेल तेल.

देवगडकर
मंगळवार, रात्री ९.३१

शेवटी कोकणावर आले!